धुतलेला खल

मी एक दगडी खल बोलतोय. मला तोंड आहे, आवाज नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

पेलिऑन डोंगरावरच्या ओढ्यातला काळा दगड फोडून अँथेमसने मला घडवलं. अँथेमस म्हणजे कमरेपर्यंत माणूस आणि खाली घोडा. त्याच्या जातीचे बाकीचे कळप करून खालच्या रानात राहायचे. हा मात्र वर गुहेत राहून औषधं करायचा आणि माणसांच्या राजांच्या मुलांना शिकवायचा. बायको बाळंतपणात गेली, तेव्हा मागे राहिली एक लेक, थोए. तिला पाठीवर घेऊन रान दाखवलं ते तिच्या काकाने, ब्रोमसने. बापाला वेळ कुठे होता? पाच वर्षांचा राजपुत्र तेलेआस त्याच्या हाती सोपवला होता ना!

अँथेमस तेलेआसला जवळ घेऊन एकेक पाला ओळखायला शिकवायचा. थोए केर काढता काढता ऐकायची. पुढे कुटायचं काम तिच्याकडे आलं आणि शाबासकी तेलेआसकडे. मला तिचा हात आवडायचा. ती बत्ता आपटत नसे, फिरवत असे.

तेलेआस अठरा वर्षांचा झाला त्या वर्षी ब्रोमसला रानडुकराने फाडलं. त्याच्या बायकोने, लिगेआने, त्याला कसाबसा आधार देत वर आणलं. अँथेमस पाला आणायला पलीकडच्या दरीत गेला होता, त्याला हाका मारायला लिगेआ कड्यावर धावली.

तेलेआसने दुखणं थांबवायला काळी मुळी घेतली आणि अख्खी माझ्यात टाकली.

"अरे, नखाएवढीच घ्यायची असते," थोए म्हणाली. "जास्त झाली तर काळीज थांबतं."

"केवढा धिप्पाड आहे तुझा काका! त्याला नखाने काय होणार?"

"तेलेआस, बाबा येईपर्यंत थांब."

"तुझ्या बाबांनी शिकवलं कुणाला, तुला की मला? जा, पाणी आण."

ती पाण्याला गेली. त्याने माझ्यात मुळी कुटली आणि मी कुटू दिली. ती त्याने ब्रोमसला पाजली. थोए परत आली तेव्हा ब्रोमसचे चारही पाय ताठ झाले होते.

परतलेल्या लिगेआचा टाहो ऐकून खालचा कळप वर धावत निघाला. तेवढ्यात अँथेमस पोचला. त्याने तेलेआसचे हात पाहिले, मुळीच्या रसाने काळे झालेले. लेकीचे पाहिले, स्वच्छ. तेलेआसला आणि मला ओढ्यावर नेऊन त्याने वाळूने त्याचे तळवे घासले. मग मला घासलं. मागे थोए उभी होती.

"बाबा, काय करताय?"

"ते त्याला तुडवून मारतील, पोरी. मग त्याचा बाप सैन्य घेऊन येईल. तुला नाही मारणार. तू त्यांच्या रक्ताची आहेस."

"आणि काका कुणाच्या रक्ताचा होता?"

अँथेमस खाली बघत मला घासतच राहिला.

कळपापुढे तो म्हणाला, "थोएच्या हातून चूक झाली." तेलेआस मान खाली घालून उभा होता. लिगेआ थोएच्या अंगावर थुंकली. थोएने बापाकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि डोंगरापलीकडे समुद्राच्या बाजूला एकटीच निघून गेली.

पुढच्याच वसंतात तेलेआस राजा झाला. गुरूला घोंगड्या आणि दारूचे बुधले यायला लागले. लोक म्हणत, शिष्य घडवावा तर अँथेमसने. तो हसायचा. पण औषध कुटून झालं की तो मला पुन्हा पुन्हा धुवायचा.

सातव्या हिवाळ्यानंतर एका सकाळी त्याने मला झोळीत टाकलं, खालच्या रानात उतरला आणि सगळ्या कळपासमोर खरं काय ते सांगितलं.

लिगेआ कळपातून पुढे आली. मग म्हणाली, "भावजी, त्या दिवशी पोराला वाचवलंत, ते समजू शकते मी. आम्ही मारलाच असता त्याला. पण तो राजवाड्यात जाऊन बसला, त्यानंतर कुणाला भीत होतात?"

"माझ्या नावाला," अँथेमस म्हणाला. "आणि आता तिच्यापुढे जायची लाज वाटते."

तिने त्याच्या हातातली झोळी काढून घेतली आणि त्याच पावली डोंगर ओलांडला. थोए एका कोळ्याच्या पायाला पट्टी बांधत होती. लिगेआने तिच्यापुढे पुढचे दोन्ही गुडघे टेकले. "पोरी, मी थुंकले होते तुझ्यावर."

थोएने तिला उठवलं. मग मला पाहिलं. "बाबा नाही आले?"

"लाज वाटते म्हणाले."

"मग दगड कशाला पाठवला?" असं म्हणून ती रडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच रडली असावी.

आता मी इथेच असतो. कोळ्यांच्या आणि कळपाच्या मुली थोएकडे शिकायला येतात. कुणाची चूक झाली तर ती सगळ्यांसमोर सांगते, स्वतःची असली तरी. तिचा बाप कधीकधी वरच्या वळणापर्यंत येतो आणि मागे फिरतो. टापांवरून मला कळतं. तिलाही कळतं, बत्ता थांबतो. अजून तिने हाक मारलेली नाही.

तुमच्यात कुणी बाप असतील, कुणी गुरू असतील. जे दोन्ही आहेत त्यांना या दगडाचं एवढंच सांगणं आहे: जे दिसलं, ते त्याच दिवशी बोला. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.