बांधावरून पलीकडं

...लुकलुकत होती ती पांढरी चौकट, तांदळाच्या दाण्याएवढी, काळ्या पडद्यावर, आणि राजेश्वरीला वाटलं की ही आपल्याला खिजवतेय— बोल की, बोल की आता! काय लिहू, कपाळ? दुपारची भांडी घासून झालेली, सासूबाई ओसरीवर लसूण सोलत बसलेल्या, आणि आपण पस्तिशीची बाई नणंदेच्या लॅपटॉपवर खेळ खेळतोय... पण काय मजा येतेय, बाई गं!

लिनक्स शिकवणारा खेळ. माऊस नाही, चित्रं नाहीत. खोल्यांत खोल्या असलेलं एक गोदाम, आणि हुकूम टाइप करून त्यात हिंडायचं. 'सीडी' लिहून खोलीचं नाव लिहिलं की त्या खोलीत. नुसतंच 'सीडी' लिहिलं की थेट घरी. नणंद, अपेक्षा, कॉलेजला जाताना बजावून गेलेली, "वहिनी, खेळातलं हे कुलूप एकटीनं उघडा, मला फोन नाही करायचा." आणि राजेश्वरीनं मनाशी ठरवून टाकलं होतं: उघडलं, तर वडगावच्या संगणकाच्या वर्गात नाव घालायचं, नाही उघडलं, तर हा नाद सोडायचा, पुन्हा विषय काढायचा नाही.

किल्ली शेजारच्याच खोलीत, स्टोअरमध्ये. अट एवढीच, की एकाच हुकुमात पोचायचं, वाटेत घरी जायचं नाही. आणि ती सकाळपासून दर खेपेला घरीच जात होती! बोटंच जात होती. नुसतं सीडी, एंटर— अन् खेळ पहिल्यापासून. का जातेस गं भवाने?... कारण लग्न होऊन औंढ्यात आल्यापासून असंच. गिरणीतून मैत्रिणीकडे जायचं तर आधी घरी यायचं, दळण ठेवायचं, सासूबाईंना सांगायचं, मग जायचं. कुणी कधी दटावलं नव्हतं, हेही खरं... सांगून गेलेलं बरं असतं, एवढंच. त्या बरं असण्याची सवय लागली मला, पार हाडीमाशी मुरली.

आणि त्याआधी?... माहेरी, शिरगावला, परकर खोचलेला, खाचरातला चिखल पोटरीपर्यंत, आणि पलीकडच्या खाचरातून मैत्रीण उम्मेहानी हाका मारतेय— कोण घरी जातंय सांगायला! एक टांग बांधावर, बांधावरून पलीकडं धप्पकन उडी, आणि मग संध्याकाळी आईचा आवाज, "कुटं गेलतीस गं कार्टे?"

वर, बांधावर... आणि पलीकडं.

दोन टिंबं म्हणजे एक पायरी वर, हे तिला केव्हाच ठाऊक होतं. पण वर जाऊन तिथूनच, त्याच दमात, शेजारी उतरता येतं?... सीडी, दोन टिंबं, तिरकी रेघ, स्टोअर. एंटर.

किल्ली! आणि खाली कुलूप उघडल्याची हिरवी ओळ.

"अगं बाई!" ती एवढ्यानं ओरडली की सासूबाई, नंदाबाई, लसणाची सुपली घेऊनच आत आल्या. "काय झालं गं? इंचू चावला का काय?"

"उघडलं, आत्याबाई! माझं मी उघडलं!"

"व्हय? लय शाणी गं माजी बाय." त्यांनी वाकून पडद्यात डोकावलं, काही म्हणता काही कळलं नाही, तरी हसल्या. "मग आता फुडं काय?"

पुढं... वर्ग, वडगावला जाणं, विशीतली पोरं, मागच्या बाकावर आपण. जमेल, नाही जमणार, कुणाला विचारावं... नेहमीसारखं कुणाला विचारावं याचा शोध घेत मन सगळीकडे हिंडून आलं, आणि विचारायचं असं काही उरलंच नव्हतं; नाव घालायचं हे ठरलेलंच होतं, त्यापुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

"ठाऊक न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले— आणि ठाऊक नसल्याचा मला इतका आनंद झाला, इतका, की मी पुन्हा मोठ्यानं हसले.