कंपनीसारखी गाडी

नागराजनं ग्राइंडर चालू केला, पाइपच्या तोंडाशी नेला आणि थांबला. मान वर करून त्यानं जोतिरामअण्णांकडं पाहिलं. त्याचे ओठ हलले. शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता. अण्णांनी नेहमीसारखी मान हलवली. नागराजचे ओठ पुन्हा हलले, या वेळी जरा जास्त वेळ. अण्णांनी पुन्हा मान हलवली आणि वर हातानं 'चालू दे' अशी खूणही केली.

ठिणग्या उडाल्या. मनगटापेक्षा जाड असा तो सायलेन्सरचा चकचकीत स्टीलचा पाइप तुकडे होऊन गॅरेजच्या फरशीवर पडला. एक तुकडा घरंगळत अण्णांच्या चपलेपर्यंत आला. त्यांनी तो पायानंच बाजूला सारला.

त्यांना बरं वाटलं. सकाळी वडगावहून गाडी उद्यमबागेतल्या या गॅरेजात आणतानाच त्यांनी ठरवलं होतं. गाडी जाईल तिकडं जावो, पण हा पाइप कुणाच्या पोराच्या हाती लागता कामा नये.

गाडी त्यांच्या मुलाची, ओमकारची. दोन दारांची, गडद निळी, पुण्याहून जुनी आणलेली. ओमकार याच उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर होता. लोखंडाला हात लावला की त्याला दुसरं काही सुचत नसे. गाडीला टर्बो आहे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुरावर एक भिंगरी फिरते आणि ती इंजिनात जादा हवा कोंबते, हे त्यानं आईला जेवता जेवता वाटी फिरवून समजावलं होतं. बायाक्कानं वाटी काढून घेतली आणि म्हणाली, "हवा खाऊन पळती तर मग पेट्रोल कशाला वतायलास रं?" लांबून आला की तो इंजिन लगेच बंद करत नसे. टर्बो तापून लाल झालेला असतो, त्याला दम खाऊ द्यायला लागतो, म्हणायचा. तेल तर मुदतीच्या आधीच बदलायचा.

पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला, आणि बघता बघता तो गेला.

नागराजनं आणून लावलेली गाडी दारात उभी राहिली. बायाक्का तिच्याकडं पाठ करून तांदूळ निवडायची. शेवटी अण्णांनीच गिऱ्हाईक शोधलं, निपाणीचा साईराज नावाचा मुलगा. त्याची अट एकच होती. गाडी नावावर करून घ्यायची तर ती कंपनीतून आली तशी पाहिजे, बदललेली गाडी आरटीओ ऑफिसात पास होत नाही. ओमकारनं काढलेले मूळचे सगळे भाग माळ्यावर सापडले. मागावरच्या वाया गेलेल्या कापडात एकेक भाग बाळंतातल्या पोरासारखा गुंडाळून ठेवला होता.

ओमकारनं लावलेलं एकेक काढून नागराजनं सकाळपासून कंपनीचं एकेक बसवलं होतं. ओमकारचा दोस्त तो. ओमकारची अर्धी संध्याकाळ याच गॅरेजात जायची.

अण्णांचं सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं. खडखडाटात कान कधी गेले ते त्यांना नेमकं सांगता आलं नसतं. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग बायकापोरांचं बोलणं अर्धंमुर्धं येऊ लागलं. त्यांनी ते कुणापाशी कबूल केलं नाही. समोरच्याचा चेहरा बघायचा आणि मान हलवायची. माग चालवणाऱ्या त्यांच्या वयाच्या सगळ्यांचीच ती सवय. दोघं भेटले की दोघंही माना हलवत आणि आपापल्या वाटेनं जात. बायाक्का तेवढी समोर येऊन, तोंडाकडं बघत बोलायची, आणि तीही याबद्दल कधी चकार शब्द काढत नसे.

गाडी आणली त्याच आठवड्यात ओमकारनं त्यांना काकतीच्या पुढं हायवेला नेलं होतं. मोकळा रस्ता बघून त्यानं पाय दाबला. अण्णांची पाठ सीटला चिकटली. ओमकार त्यांच्याकडं वळून ओरडला,

"ऐकली का अण्णा शिट्टी? टर्बोची!"

त्याचा चेहरा असा फुलला होता की अण्णांनी लगेच मान हलवली.

"व्हय, ऐकली की."

"कशी वाजती सांगा बघू?"

"लई भारी. कुकरावानी."

ओमकार हसला. मग हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून तो थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिला, आणि नंतर रस्त्याकडं बघू लागला.

त्यानंतर काही महिन्यांत गाडीचा आवाज वाढत गेला. एक पाइप बसवायचा, काढायचा, दुसरा बसवायचा. शेवटी असा काही बसवला की गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की घरातल्या भांड्यांना कळायचं. समोरच्या मालुबाई दारात येऊन म्हणाल्या, "जोतिराम, तुझ्या पोरानं गाडी आणलीया का रणगाडा? आमचं पाळण्यातलं पोर दचकून उठतंय की रं." पोलिसांनीही एकदा अडवलं. अण्णांना तो आवाज मात्र छातीत ऐकू यायचा, स्पष्ट. बऱ्याच वर्षांत इतकं स्पष्ट काही ऐकू आलं नव्हतं, आणि जे आलं ते गल्लीभर लाज आणणारं.

"लोकास्नी दाखवायला करतोस व्हय रं?" ते दारातच गरजले होते. "हे वाजवत परत ह्या गल्लीत यायचं न्हाय."

ओमकार गाडीकडं तोंड करून काहीतरी बोलला. अण्णांना दिसली फक्त त्याची पाठ. काय म्हणालास, असं त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसापासून गाडी रात्री नागराजकडं राहू लागली आणि बापलेकांचं बोलणं बायाक्काच्या मार्फत होऊ लागलं.

नागराजनं कॉम्प्रेसर बंद केला. कोपऱ्यावरून चहा आला. त्यानं फरशीवरचे पाइपचे तुकडे गोळा करून, पुसून, बाकावर ओळीनं ठेवले आणि अण्णांच्या समोर स्टूल ओढून बसला.

"अण्णा, एकतरी तुकडा घरी न्या."

"कशाला? त्या आवाजानंच पोरगं तोडलं माझ्यापासनं."

नागराज चहाचा घोट घ्यायचा थांबला.

"तुमास्नी ठावं न्हाय?"

"काय?"

"मगाशी इचारलं की म्या. दोनदा इचारलं. कापू व्हय, म्हनलं, त्यानं तुमच्यासाठीच केलता म्हनलं. तुमी मान हलवली."

अण्णा त्याच्या ओठांकडं बघत राहिले.

"माझ्यासाठी?"

"बाकीच्या पोरास्नी शिट्टी पायजे असती, अण्णा. टर्बो घ्यायचा तो शिट्टीसाठीच. ह्यानं ती मारून टाकली. बारीक आवाज अण्णांस्नी पोचत न्हाय म्हनला, जाड आवाज पोचतो. कानात कापूस कोंबून, वरनं हात दाबून हितं बसायचा, ह्या फरशीवर. मला म्हनायचा, दाब रेस. पुन्यांदा दाब. मग उठायचा आन् पाइप बोटभर कापायचा." नागराजनं हातातला ग्लास खाली ठेवला. "हसायचो आमी त्याला. येड्यावानी कापूस घालून बसायचा."

"मग मला बोलला का न्हाय?"

नागराजनं हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "बाप कानाचं कुनाला सांगत न्हाय, तर म्या कसं सांगू, म्हनायचा."

अण्णांनी बाकावरचा एक तुकडा उचलला. कापलेली कड अजून कोमट होती. आतून तो आरशासारखा गुळगुळीत होता. जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथंही पोरानं पॉलिश केलं होतं.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी ओमकारच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मास्कच्या आत वाफ यायची आणि जायची. तो बराच वेळ काहीतरी बोलत होता. ओठ दिसत नव्हते. अण्णा त्याचा हात धरून उभे होते आणि मान हलवत होते. व्हय, व्हय. ओमकार थांबला, त्यांच्याकडं बघितलं आणि डोळे मिटले. बाहेर आल्यावर बायाक्कानं विचारलं, काय म्हणाला? ते म्हणाले, तुझी आठवण काढत होता.

"जोडता येतंय का रं?" अण्णांनी तुकडा पुढं केला.

"वेल्डिंग करून देतो की." नागराज पुन्हा, मोठ्यानं, तोंड त्यांच्याकडं करून म्हणाला, "जोडीन, अण्णा. पर आवाज तसा न्हाय येनार. आत टाके पडतात. आन् लांबी... ती त्यालाच ठावं."

अण्णांनी तुकडा जागेवर ठेवला, दुसऱ्या तुकड्याच्या कडेला कड लावून.

तेवढ्यात फाटकापाशी रिक्षा थांबली. साईराज उतरला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात नारळ, हार आणि पेढ्यांचा पुडा. वाकून त्यानं अण्णांना नमस्कार केला. नागराजनं अण्णांकडं पाहिलं. आत्ता जरी नको म्हणाला असता म्हातारा, तरी त्यानं गिऱ्हाईक परत पाठवलं असतं. पण अण्णा गाडीकडं बघत होते. झाकण बंद होतं, सगळं जिथल्या तिथं बसलं होतं, माळ्यावरून काढलेलं, कंपनीचं. ठेवून घ्यायचं तर आता त्यात काय होतं?

"दे त्याला चावी," ते म्हणाले.

साईराजनं गाडीला हार घातला, चाकाशी नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं दिलं. मग आत बसला. नागराजनं काचेतून काही सांगितलं, बहुतेक लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नकोस म्हणून. मुलानं लक्ष देऊन ऐकलं. मग त्याचा हात किल्लीकडं गेला.

अण्णा वाट बघत उभे राहिले. साईराजच्या चेहऱ्यावर हसू आलं. नागराजनंही मान डोलावली. अण्णांना काहीच आलं नाही, ना कानात, ना छातीत. चालू झाली असेल का? विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

ते पुढं झाले. मागाचा ठोका बरोबर पडतोय का हे बघायला लाकडावर ठेवायचे तसा त्यांनी उजवा तळवा बॉनेटवर, हाराच्या शेजारी ठेवला. पत्र्याखाली अगदी बारीक थरथर होती, एकसारखी. त्यांनी हात आणखी दाबून धरला.

साईराजला वाटलं, म्हातारबाबा गाडीला आशीर्वाद देताहेत. त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले, जोडले, आणि डोळे मिटून मान खाली घातली. तो हात उचलला जायची वाट बघत तसाच बसून राहिला.