एनेनं नाव घेतलं

“या घरात सगळ्याला हात लाव पोरी. पेटीला लाव, पिठाला लाव, माझ्या चाव्यांना लाव. फक्त घरातल्या पुरुषमाणसांची नावं जिभेवर घेऊ नकोस. तेवढं पाळ.”

नऊ वर्षांपूर्वी डोक्यावर पांढरा रुमाल बांधून उंबऱ्याच्या आत घेताना सासू, म्हणजे एने, साल्किनच्या कानाशी एवढंच बोलली होती. आज बिश्केकच्या जर्मन वकिलातीत, काचेपलीकडच्या चष्मेवाल्या साहेबाने पहिलाच प्रश्न विचारला आणि तिला तोच आवाज ऐकू आला.

“तुमच्या नवऱ्याचं नाव सांगा,” साहेबाशेजारच्या दुभाषी मुलीने किर्गिझमध्ये सांगितलं.

“आहे की तिथं.” साल्किनने काचेखालून सरकवलेल्या विवाहाच्या दाखल्याकडे बोट केलं.

“ते साहेबांना दिसतंय ताई. तुमच्या तोंडून ऐकायचंय त्यांना.”

“आमच्या घरचे,” साल्किन खाली बघत म्हणाली.

दुभाषी मुलीने ते जसंच्या तसं सांगितलं. साहेबाने मान वर केली. “सासऱ्यांचं नाव?”

“थोरले बाबा.”

“मोठ्या दिराचं?”

“पलीकडच्या घरचे.”

साहेबाने काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं. साल्किन हात मांडीवर ठेवून वाट बघत होती. नवऱ्याला बूट त्रेचाळीस नंबरचा लागतो, घोड्यावरून पडल्याची खूण डाव्या खांद्यावर आहे, चहात दूध आणि मीठ लागतं, साखर घातली तर कप तसाच थंड होतो, झोपेत ते गाडीचा ब्रेक दाबल्यासारखा उजवा पाय हलवतात, असं कितीतरी तिला सांगता आलं असतं. पण ते कुणी विचारलं नाही. साहेबाने आभार मानले आणि कागद गोळा केले.

नवरा चार वर्षांपासून जर्मनीत एका लहानशा शहरात बस चालवत होता. वर्षातून तीन आठवडे घरी यायचा. आता त्याला दोन खोल्यांचं घर मिळालं होतं, पगार पुरेसा होता, साल्किन दुसऱ्या खेपेला का होईना पण भाषेची परीक्षा पास झाली होती. बायको म्हणून तिथं राहायचा परवाना मिळाला की झालं. साल्किनला छत्तिसावं लागलं होतं. दोनदा कूस उजवता उजवता राहिली होती, आणि वर्षातल्या तीन आठवड्यांच्या भरवशावर आणखी किती वर्षं काढायची, हा हिशेब ती रोज पहाटेच्या नमाजानंतर हात पसरून अल्लाहपुढे मांडायची. मोठ्याने कधी बोलली नव्हती.

पंधरा दिवसांनी वकिलातीचं पत्र फोनवर आलं. साल्किन तेव्हा दूध संकलन केंद्रात होती. तेच तिचं काम, गेली सात वर्षं. सकाळी साताठ वाजेपर्यंत गावातल्या बाया बादल्या घेऊन यायच्या. साल्किन काचेची नळी दुधात सोडायची, ती किती बुडते ते बघायची, वजन करायची आणि वहीत लिहायची.

“आज दुधात झरा आलाय बहुतेक,” ती समोरच्या बाईला म्हणाली.

“माझी गाय जास्त पाणी पिते, त्याला मी काय करू? तू आधी तुझा परवाना आण, मग माझ्या गाईला नावं ठेव.”

रांगेतल्या बाया हसल्या. साल्किनही हसली. तेवढ्यात फोन वाजला. पत्र जर्मन भाषेत होतं, खाली रशियनमध्ये चार ओळी होत्या. तिने त्या दोनदा वाचल्या. मग हातातली बादली खाली ठेवून पलीकडच्या घरच्या जाऊबाईंना, गुलबारला, हाक मारली.

गुलबारने ते मोठ्याने वाचलं. अर्जदार स्त्रीला पतीचं व पतीच्या कुटुंबीयांचं नाव सांगता आलं नाही. विवाह खरा असल्याबद्दल शंका आहे. दहा तारखेला पुन्हा मुलाखतीस यावं.

“म्हणजे तुझं लग्नच खोटं?” गुलबार म्हणाली. “आणि ते दोनशे लोक आमच्या दारात मेंढी खाऊन गेले ते कोण होते मग?”

“मी नाव घेतलं नाही.”

“एकदाही नाही? अगं, नऊ वर्षांत चुकूनसुद्धा नाही? मी तर भांडताना तीन तीनदा घेते. त्याशिवाय ऐकूच जात नाही आमच्या माणसाला.”

“एनेला शब्द दिलाय.”

“एनेनं मलाही सांगितलं होतं. मी हो म्हणाले आणि विसरले. तू हो म्हणालीस आणि धरून बसलीस. दोघींत हाच फरक.” गुलबारने फोन परत दिला. तिचा आवाज जरा खाली आला. “धर्मात असं काही लिहिलेलं नाही म्हणे. मी मौलवींना विचारलं होतं.”

दुपारी नवऱ्याचा फोन आला. त्याला ही हकीकत आधीच कळली होती.

“अगं, सांगून टाकायचं ना. मी रागावणार आहे का?”

“अहो, तुमच्या रागाचा प्रश्न नाही.”

“तुझ्या फोनमध्ये माझा नंबर काय नावानं आहे?”

साल्किनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सांग ना.”

“घर.”

तो हसला, पण हसू लवकरच थांबलं. “या खेपेला नाही म्हणाले तर पुन्हा अर्ज करायला वर्ष जाईल साल्किन. घर मिळालंय ते माझ्यासाठी थांबणार नाही. आणि आपलं…” पुढचं तो बोलला नाही. तिला ते कळलं.

सासूला काय सांगायचं, हे दोन दिवस तिला सुचेना. गावात सगळे म्हातारीला एनेच म्हणायचे. एनेचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण कान शाबूत. अंगणातल्या खाटेवर बसून तिला दूध केंद्रावरच्या बायांचं बोलणंसुद्धा ऐकू यायचं. तिने स्वतः अठ्ठावन्न वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. नवऱ्याच्या नावात लोखंडाचा शब्द होता म्हणून लोखंडालाही ती “काळं टणक” म्हणायची. तिची दोन्ही मुलं शाळेत जाईपर्यंत चुलीच्या सळईला काळं टणकच म्हणत होती, आणि वर्गात हसं झाल्यावर घरी येऊन भांडली होती. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, तरी एनेचा नेम मोडला नव्हता.

गुरुवार उजाडला. दर गुरुवारी त्या घरात तेल तापायचं. गेलेल्या माणसांना त्या दिवशी तळणीचा वास पोचतो, म्हणून सात पोळ्या तळून, कुराण वाचून, त्यातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायच्या. साल्किनने कणीक मळली होती. एने खाटेवरून उठून भिंत धरत धरत चुलीजवळ येऊन बसली.

“तुला परत बोलावलंय ना शहरात,” एने म्हणाली.

साल्किनने लाटणं थांबवलं नाही. “हो.”

“नाव न घेतल्याबद्दल.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“गुलबार हळू बोलते का कधी?” एनेने पोळीची कड चिमटीने दाबली. “माझ्याशी का नाही बोललीस?”

“काय बोलू एने? शब्द तुम्हाला दिलाय.”

एनेने पुढची पोळी तेलात सोडली. सातवी पोळी तेलातून निघाली. मग साल्किनने हात धुतले, रुमाल नीट बांधला आणि गुडघे मोडून बसली. घरात पुरुषमाणूस नसल्यापासून गुरुवारचं वाचन तीच करायची. तिला येत होत्या त्या कुराणातल्या दोन लहान सुरा तिने म्हटल्या. वाचून झाल्यावर पुण्य कुणाला पोचवायचं ते वडीलधाऱ्यांनी सांगायचं असतं. अकरा वर्षं एने म्हणायची, घरधन्याला.

एनेने हात वर केले. तळवे चेहऱ्यासमोर धरून ती बराच वेळ बसली. तेल अजून कढईत चुरचुरत होतं.

“तेमिरकानला,” एने म्हणाली.

आवाज फुटला नाही नीट. साल्किनने मान वर केली.

“थांब, परत म्हणते. सवय नाही.” एनेने घसा साफ केला. “माझा नवरा तेमिरकान. त्याला पोचो.”

तिने तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मग ते मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली, जणू हातात काही दिसतंय.

“नाव चांगलं होतं की गं त्यांचं,” ती म्हणाली.

साल्किनला काय करावं कळेना. तिने पोळ्यांचं ताट एनेकडे सरकवलं. एनेने ते बाजूला केलं.

“शब्द मी घेतला होता तुझ्याकडून. आज मीच परत देते. आता तू घे नाव.”

“एने…”

“माझ्यासमोर नाही जमलं, तर त्या काचेसमोर कसं जमेल? घे.”

साल्किनने तोंड उघडलं, मिटलं. चुलीकडे बघून प्रयत्न केला, मग दाराकडे बघून. कान तापले. लग्नाच्या नवव्या वर्षी नवरीसारखी लाजून ती शेवटी रुमालाच्या टोकात बोलली, “मेदेर.”

“चुलीला सांगितलंस की मला?”

“मेदेर.”

“बापाचं लाव.”

“मेदेर… तेमिरकानचा मुलगा.”

“हं. आता पोळ्या वाटून ये, आणि वाटताना मनात म्हणत राहा. दहा तारखेपर्यंत जीभ रुळली पाहिजे.” एनेने एका पोळीचा तुकडा तोडून तोंडात टाकला. चावता चावता म्हणाली, “आणि एक काम करशील माझं?”

“सांगा ना.”

“परवाना मिळो न मिळो, शहरातून परत येताना आधी कबरस्तानाच्या डोंगरावर जा. घरी यायच्या आधी. माझे गुडघे तिथवर नेत नाहीत. त्यांना सांग, तुमच्या बायकोनं तुमचं नाव घेतलं. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर राग येईल त्यांना.”

“सांगते एने.”

“कशापायी घेतलं तेही सांग. माझ्या सुनेला संसार करायचाय, म्हण.”

एवढं बोलून एने भिंत धरून उठली आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. साल्किन पोळ्या घेऊन बाहेर पडली. सून गेल्यावर या घरात गुरुवारी कोण बसणार, पोळ्या कोण तळणार, हे एनेला ठाऊक नव्हतं असं नाही. थोरल्याकडे तिची खाट हलवायचं ठरलं होतं. गुलबारने जागाही करून ठेवली होती, खिडकीजवळ.

दहा तारखेला साहेब तोच होता, दुभाषी मुलगीही तीच.

“तुमच्या नवऱ्याचं नाव?”

“मेदेर.” साल्किनचा आवाज हळू होता, पण सरळ आला. “सासऱ्यांचं तेमिरकान. मोठ्या दिरांचं शरशेन.”

साहेबाने कागदावर तीन खुणा केल्या. मग पेन खाली ठेवून काही विचारलं.

“मागच्या खेपेला का नाही सांगितलंत, असं विचारतायत,” मुलगी म्हणाली.

“आमच्यात सून घरातल्या पुरुषांची नावं घेत नाही. मान म्हणून.”

“मग आज कशी घेतली?”

साल्किनने रुमालाची गाठ चाचपली. “सासूबाईंनी आधी त्यांच्या नवऱ्याचं घेतलं. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा. माझ्यासाठी.”

दुभाषी मुलीने हे सांगायला जरा वेळ लावला. सांगून झाल्यावर साहेबाने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि एकच वाक्य बोलला.

“पासपोर्ट ठेवून जा म्हणतायत,” मुलगी म्हणाली. “दोन आठवड्यांनी व्हिसा लावून मिळेल.”

बाहेरच्या बाकावर साल्किन बुटाची नाडी बांधत होती. मुलगी मागून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

“माझी आजी आजोबांना ‘ते’ म्हणायची, कायम. मला वाटायचं, म्हातारी नाव विसरली.”

“विसरत नाहीत,” साल्किन म्हणाली.

मिनीबसमध्ये नवऱ्याचा फोन आला. तिने दोन आठवडे म्हणून सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“मग तिथं नाव घेतलंस तर,” तो म्हणाला.

“घेतलं.”

“मलाही ऐकव की एकदा.”

“तिथं आल्यावर, अहो. बस माणसांनी भरलीय.”

दुपारी चारच्या सुमाराला गावाअलीकडचं वळण आलं. साल्किनने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

“गाव पुढं आहे ताई.”

“माहितीय. माझं इथं काम आहे.”

मिनीबस धूळ उडवत निघून गेली. खालच्या बाजूला बटाट्याची शेतं खणून मोकळी झाली होती, आणि त्यांच्या पलीकडे त्यांच्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. एने चहा ठेवून वाट बघत असणार. साल्किनने रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला, ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हटलं आणि घराकडे पाठ करून ती कबरस्तानाच्या चढाला लागली.