साडूची चाल

ॲपवरच्या फँटसी फुटबॉलमध्ये खऱ्या खेळाडूंचा संघ निवडायचा, ते सामन्यात खेळतील तसे आपल्याला गुण. या आठवड्यात माझी गाठ साडूशी होती. त्याच्या अकरा जणांत एक महागडा स्ट्रायकर दिसला आणि माझं डोकंच फिरलं. त्याचे गुण एकट्या साडूच्या घशात का घालायचे? माझा भरवशाचा गडी बाकावर बसवून मीही तोच घेतला.

लेकाचा जखमी निघाला, मैदानात उतरलाच नाही! माझ्या बाकावरच्या गड्याने तीन गोल ठोकले, पण आमच्या लीगमध्ये बाकावरचे गुण धरत नाहीत. मी चार गुणांनी हरलो.

दातओठ खात फोन लावला. "मला फसवायला मुद्दाम जखमी माणूस ठेवलात ना?"

"जखमी आहे तो? अहो, मी दोन महिने ते ॲप उघडलेलंच नाही," साडू म्हणाला. "का हो, जिंकलो का मी?"