कोडोलीचा अंगठा

“लेखकाचं परवानगीपत्र?” हंबीररावांनी चष्म्यावरून पाहिलं. अठ्ठ्याण्णव सालची कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, आणि नावनोंदणीच्या टेबलाशी हा माणूस. सख्ख्या भावालाही नियम चुकवू देणार नाही, अशी त्याची कोल्हापुरात ख्याती होती.

संघप्रियानं हातातली वही उगाच चाळल्यासारखं केलं. पत्र कुठलं? एकांकिका कोडोलीच्या दादासो मास्तरांची. गेल्या बुद्धपौर्णिमेला विहारात तिनं विचारलं, तेव्हा शंभर माणसांदेखत ते म्हणाले होते, “करा की! मला कशाला इचारतासा?” आपल्याकडं एवढं झालं की झालं. मास्तरांनी शब्द दिल्यावर वर कागद मागायचा, म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा. कुणाची छाती होती? आणि श्रावणात मास्तर गेले.

“मग वारसाची सही आणा,” हंबीरराव म्हणाले. “संहितेत बदल केला असला तर त्योबी लिहून आणा. तीनच्या आत. न्हाय तर नाटक न्हाय.”

साडेबारा वाजले होते. संघप्रियाचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. यंदा स्टेज हुकलं की कायमचं हुकलं. नाटकात तिच्या नवऱ्याचं काम करणाऱ्या बुद्धभूषणनं स्कूटरला किक मारली. मागं बसलेल्या संघप्रियाच्या मांडीवर संहितेची वही होती. तिच्यात बदल केलेला होता, आणि तो तिनंच केला होता.

कोडोलीत मास्तरांच्या पत्नी शेवंताबाई घराच्या पुढच्या सोप्यात सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. ‘जय भीम’ झालं. कागद पुढं केल्यावर त्या म्हणाल्या, “मला वाचाय येत न्हाय. नाटक वाच सगळं.”

“आज्जी, येळ न्हाय हो.”

“मग अंगठाबी न्हाय.”

संघप्रिया भराभर वाचू लागली. म्हातारीचे ओठ तिच्या आधी हलत होते. मास्तर लिहिलेलं प्रत्येक पान बायकोला वाचून दाखवायचे, हे सगळ्या कोडोलीला ठाऊक होतं. या दोघांना ते आत्ता कळत होतं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन झाले.

चौथा प्रवेश आला आणि ओठ थांबले. “ह्यातलं सुपाचं कुठं गेलं?”

सुपाचा प्रवेश एवढाच, की नवरा पत्र वाचतो आणि बायको सूप घेऊन ऐकत बसते. तिला एक वाक्यही नाही. संघप्रियानं तो काढून तिथं स्वतः लिहिलेलं दोन पानी भाषण घातलं होतं. तालमीत त्या भाषणाला पोरांनी हॉल डोक्यावर घेतला होता. बक्षीस मिळालं असतं तर त्याच्यावरच.

“काढलं,” ती म्हणाली. “त्यात बाई नुसती बसती, आज्जी. कायच बोलत न्हाय.”

“ती मी हाय.”

शेवंताबाईंनी तांदूळ निवडायचं थांबवलं.

“अख्ख्या नाटकात मी तेवढीच हाय. आन् तू मला उचलून भाईर टाकलीस व्हय गं? इचारलं तरी हुतंस का?”

संघप्रियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुद्धभूषण कानाशी पुटपुटला, “व्हय म्हण, अंगठा घे. तिथं आपलं भाषण करू. हितं सांगाय कोण येतंय?”

क्षणभर तिला ते पटलंसुद्धा. मग तिनं पेन काढलं आणि आपल्या दोन्ही पानांवर फुली मारली. रडू कोसळत होतं. खरं तर राग आला होता, म्हातारीचा, मास्तरांचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. काढून ठेवलेलं सुपाचं पान वहीच्या पाठीमागं होतं. ते तिनं जागेवर लावलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

शेवंताबाईंनी पेनाची शाई अंगठ्याला चोपडून कागदावर दाबली. मग हातातलं सूप ताटात रिकामं करून पुढं केलं. “हे ने. तुमच्या कालेजात सूप कुठलं असतंय?”

तीनला पाच कमी असताना हंबीररावांनी कागद उजेडाला धरला. “काय बदल?”

“काय न्हाय,” संघप्रिया म्हणाली.

चौथ्या प्रवेशाला ती सूप घेऊन बसली. याची एकही तालीम झाली नव्हती. बुद्धभूषण पत्र वाचू लागला. समोर हॉल भरलेला, आणि तिच्याकडं बोलायला काही नव्हतं. हातांचं काय करायचं ते सुचेना. सुपाच्या कडेला शेवंताबाईंचे चार तांदूळ अडकून राहिले होते. ते निवडत ती खाली मान घालून बसली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिनं ते पत्र नीट ऐकलं.