ऐकलंस का?

साडूभाऊंनी नवी गाडी घेतली आणि मला विचारलं नाही.

आमच्या सासरी गाडी घ्यायची तर आधी मला दाखवायची, हा नियम आहे. मेव्हण्याची गाडी मी निवडली. मामेसासऱ्यांची जुनी गाडी मी तिच्याखाली आडवा होऊन, सायलेन्सरला नाक लावून पास केली. माझं नावच ‘वैद्यबुवा’ पडलंय. आणि साडूभाऊ, ज्यांना टायरमधली हवा गेलेली रिम जमिनीला टेकल्यावर कळते, ते थेट विजेवरची गाडी घेऊन माझ्या दारात उभे! पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू?

“कशी वाटते?” त्यांनी विचारलं.

“छान आहे,” मी म्हणालो आणि मग थांबलोच नाही. पुढे जाळी नाही, मग गाडीला चेहरा कसला? ही तर वापरून गुळगुळीत झालेली साबणाची वडी. एसी कमी करायचा तर पडद्यावर बोटं नाचवायची; माणसाने रस्ता बघायचा की पडदा? बटण कसं, न बघता हाताला सापडतं. स्टेपनी नाही, तिच्या जागी पंक्चरच्या औषधाची बाटली. हल्ली कंपन्या गाड्या विकतच नाहीत, चाकं लावलेले मोबाइल विकतात. चार वर्षांनी म्हणतील, अपडेट बंद झालं, आता नवी घ्या. माझी गाडी बघा, बावीस वर्षांची आहे, पण अजून पान्याला दाद देते.

साडूभाऊ हसले. “तुमचं बरोबरच असेल हो. आम्हाला नेऊन आणलं की झालं.”

हेच मला सहन होत नाही. धड भांडतही नाहीत.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आम्ही दर रविवारी त्यांच्याकडे जातो. रस्ता लांबचा आहे. त्या आठवड्यात बायको म्हणाली, “या वेळी ताईच्या गाडीतून जाऊया.”

“आपलीला काय झालं?”

“काही झालं असं म्हटलंय का मी?”

गेलो. ती आणि ताई मागे बसल्या, मी पुढे साडूभाऊंशेजारी. मी कान टवकारूनच बसलो होतो. माझी सवयच तशी आहे. आमच्या गाडीत कुठे जरा टुक झालं की मी बायकोच्या दंडावर टिचकी मारतो, “ऐकलंस का?” मग रेडिओ बंद, काचा खाली, आणि आवाज उजवीकडून की डावीकडून हे तिने सांगायचं. सुरुवातीला तिला काही कळायचं नाही. आता कळतं. तेवढं मी शिकवलं तिला.

इथे मात्र काही वाजेचना. मी हळूच दाराला कान लावला. साडूभाऊंनी विचारलं, “मान धरली का?” मी म्हणालो, “नाही नाही.” आणि तेवढ्यात ऐकलं, पुढून कुठून तरी कुर्र! इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता. मी मागे वळलो. “ऐकलंस का?”

ती झोपली होती. डोकं ताईच्या खांद्यावर, तोंड जरासं उघडं, पर्स मांडीवरून घसरत चाललेली. ताईने ओठांवर बोट ठेवलं. साडूभाऊंनी समोरच्या कप्प्यातला गॉगल उचलून खिशात टाकला आणि कुर्र बंद झालं.

दोन वर्षं तिला धड झोप नाही. गाद्या बदलल्या, गोळ्या झाल्या, गोळ्यांनी डोकं जड होतं म्हणून त्याही बंद झाल्या. आणि इथे सासूबाईंचं दार येईपर्यंत ती ढिम्म हलली नाही. एखाद्या माणसाचा यावा तसा मला त्या गाडीचा राग आला. उतरताना ती म्हणाली, “भाऊजी, गाडी भारी आहे हो तुमची.” माझ्या गाडीला ती आजवर एकदाही भारी म्हणाली नव्हती.

झालं, मी इरेला पेटलो. इंजिनाखालची रबरं बदलली. दारांच्या फटीत आवाज दाबायला नमद्याची जाड लोकरी पट्टी चिकटवली. सीट सरकतात त्या पट्ट्यांना ग्रीस, डॅशबोर्डचा स्क्रू न् स्क्रू आवळला. पुढच्या रविवारी तिला माझ्याच गाडीत झोपवून दाखवायचं होतं.

“या वेळी आपली गाडी,” मी जाहीर केलं.

“मग ताईला काय सांगू?”

“सांग, त्यांच्या गाडीत पाय आखडतात.”

ती हसली. स्वतःच घरातली छोटी उशी घेऊन पुढच्या सीटवर बसली. मला वाटलं, जिंकलो.

साडूभाऊ हात हलवून पुढे निघून गेले. मी स्पर्धा केली नाही. खड्डे चुकवत, क्लच अलगद सोडत चालवत राहिलो. तिने डोळे मिटले. मोठ्या रस्त्याला लागलो आणि मागून घरघर सुरू झाली. वेग वाढवला की वाढायची, कमी केला की उतरायची. माझा हात आपोआप तिच्या दंडाकडे गेला. मी तो मागे घेतला. जीभ दातांखाली धरली. तिचा श्वास संथ होता. मनात म्हटलं, बघा साडूभाऊ, आमचीही झोपते!

“मागचं डावं,” डोळे न उघडता ती म्हणाली. “बेअरिंग असेल.”

“तू झोपली नव्हतीस?”

“लागत होता डोळा. पण काहीतरी वाजतं, आणि आता तुम्ही विचाराल म्हणून मी ऐकत बसते.” तिने उशी सारखी केली. “घरीसुद्धा रात्री फ्रिज सुरू झाला, बंद झाला, सगळं ऐकत असते. थांबवताच येत नाही हो.”

ती रागाने बोलली नव्हती. रागावली असती तर मी भांडलो असतो.

पुढे चहाच्या हॉटेलापाशी साडूभाऊंची गाडी उभी होती. मी तिच्यामागे थांबलो. “इथून पुढे ताईबरोबर जा,” मी म्हणालो. “हे बेअरिंग मला हळूहळू न्यावं लागेल.”

“एकटे याल?”

“गाडी आहे की सोबतीला.”

ती उतरली. चार पावलं गेली, थबकली, परत आली. माझ्या जिवात जीव आला. तिने दार उघडलं, वाकून सीटवरची उशी उचलली आणि दार अगदी आवाज न करता लावलं.