मूठभर ढलप्या

फोरमननी ट्रकच्या फाळक्यावरून हात घालून मूठभर ढलप्या उपसल्या, डोळे मिटून मुठीत दाबल्या आणि सुनेच्या पायाशी टाकल्या.

"कोरडं आहे. घ्या आत."

सुनेनं ओलावा मोजायच्या यंत्राची सळई ढिगात खोलवर खुपसली. आकडा बेचाळीसवर थांबला. पंचविसाच्या वरचं लाकूड घ्यायचं नाही, असं भट्टीशेजारच्या पाटीवर ठळक लिहिलेलं होतं.

"साहेब, बेचाळीस दाखवतंय."

"दाखवू दे की. लाकडाला थर्मामीटर लावतेय! उद्या भट्टीची नाडी बघशील आणि तिला औषध पाजशील."

ड्रायव्हर खदखदून हसला. फावडंवाल्या दोघी बायका तोंड फिरवून हसल्या.

बॉयलर-घरात 'मामंजी' म्हणायचं नाही, हा फोरमनचा नियम होता. 'ऑपरेटरबाई' हे नावही त्यांनीच पाडलेलं. दवाखान्याचा तेलावरचा बॉयलर त्यांनी अठ्ठावीस वर्षं चालवला होता. दोन वर्षांपूर्वी तो काढून बागांतल्या छाटणीच्या फांद्या, भुसा, पाचोळा जाळणारा बॉयलर बसवला, आणि रीतसर शिक्षण घेऊन त्यावर सून रुजू झाली. "पालापाचोळ्यावर दवाखाना चालवतायत," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आणि चुलीपुढं सून बसवलीय." लाकूड घ्यायचं की नाही, हा शब्द मात्र त्यांच्या हाताचा. तो त्यांच्याकडून कुणी काढून घेतला नव्हता.

घरीही वेगळं नव्हतं. नुकत्याच गॅसवरून उतरवलेल्या बिनसाखरेच्या चहाचा कप ते दोन्ही तळव्यांत धरत आणि घोटही न घेता पुढे सरकवत.

"गार. एवढंही जमत नाही."

ती मुकाट्यानं पुन्हा तापवी. फक्त बशी जरा जोरात ठेवी.

ट्रक परत पाठवायचा अधिकार कागदोपत्री तिलाही होता. पण तिनं यंत्राची वायर सावकाश गुंडाळली आणि अगदी त्यांच्याच सुरात म्हणाली, "घ्या आत."

होऊ दे. हा हात म्हणजे काय चीज आहे ते एकदा दिसू दे सगळ्यांना.

दिसायला तास लागला नाही. धुराडं काळं ओकू लागलं. भट्टीत जाळ धरेना, लाकूड नुसतं फसफसत राहिलं. दाबाचा काटा सातावरून चारावर आला, आणि फोन वाजला.

"बाळांच्या खोलीतले पाइप गार पडलेत," पलीकडून नर्स ओरडत होती. "अकरा बाळं आहेत, सगळी कमी दिवसांची. तुम्ही तिथं झोपा काढताय का?"

तिनं फोन ठेवला. सकाळपासून तिनं काट्याचा विचार केला होता. पाइपाच्या दुसऱ्या टोकाचा केला नव्हता.

फोरमननी भट्टीचं दार उघडलं आणि लोखंडी चौकटीवर उघडा तळवा टेकून ते आत वाकले.

"हवा कमी सोडलीस! यंत्रात डोळे घालून बसल्यावर भट्टी दिसायची कशी? या कामाला अक्कल लागते, सर्टिफिकेट नाही."

ते बोलत राहिले. हात चौकटीवरच होता. मग एक वास आला, लाकडाचा नसलेला.

"मामंजी, हात!"

त्यांनी आधी तिच्याकडे रागानं पाहिलं, नियम मोडला म्हणून. मग हाताकडे. तळव्याची कातडी पांढरी पडून सुटली होती. कुणी आपली वस्तू त्यांच्यापाशी ठेवून गेलं असावं, तसे ते हाताकडे बघत राहिले. नंतर त्यांनी तो पाठीमागे नेला.

"काही नाही. सवय आहे."

फावडंवाल्यांना घेऊन तिनं कोठीतली कोरड्या भुशाच्या कांड्यांची पोती ओढत आणली, ओल्या ढलप्या भट्टीतून बाहेर खेचल्या, नवा जाळ धरवला. काटा सातावर आल्यावर तिनंच नर्सला फोन लावला. सगळी बाळं ठीक आहेत, हे ऐकल्यावरच ती पोत्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर, तसाच ट्रक. फोरमनच्या उजव्या हाताला पट्टी होती. त्यांनी डाव्या हातानं ढलप्या उपसल्या आणि मूठ दाबली. हुकूम आला नाही. फावडी थांबून राहिली. फोरमननी आज डोळे मिटले नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

यंत्रावर अडतीस होते.

"मला ओलं वाटतंय, साहेब," ती म्हणाली. "पण तुमचा हात म्हणेल तसं."

त्यांनी मूठ आणखी जरा दाबली. नेहमीइतका वेळ घेतला.

"ओलं. ने परत."

"अहो, काल तर असलंच घेतलंत!"

"हा हात तीस वर्षं इथं आहे. तू कालचा. चल, वळव गाडी." मग तिच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईलसं म्हणाले, "शिका, ऑपरेटरबाई. हे यंत्रात नसतं."

फावडंवाल्या हसल्या. तिनं यंत्र बंद करून खिशात टाकलं.

संध्याकाळी चहाचा कप त्यांनी डाव्या तळव्यात धरला आणि पुढे सरकवला.

"गार."

कपातून वाफ निघत होती. तिनं तो उचलला नाही. एका बोटानं पुन्हा त्यांच्यासमोर सरकवला.

"फुंकून प्या," ती म्हणाली, आणि ओट्याकडे वळली.

पाठीमागून फुंकर घातल्याचा आवाज आला.